क्लेरिक सहाव्या बैठकीला गप्प होतो: पार्टीतल्या कामवाटपाची दुरुस्ती

अडचण अशी आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन, फासे टाकत खेळायच्या खेळाची मोहीम (बरेच रविवार चालणारी एक गोष्ट) जोमात सुरू होते, पाचही जण (खेळातली त्यांची टोळी म्हणजे पार्टी) ठरल्या वेळेला येतात, आणि साधारण सहाव्या-सातव्या बैठकीला क्लेरिक, म्हणजे मंत्राने जखमा भरू शकणारा पुजारी-लढवय्या, खेळणारा माणूस गप्प होतो. पाळी आली की फासा हातात न घेता म्हणतो, "काय करणार, उठवतो त्याला." मग एक रविवार चुकतो, मग दुसरा. विचारलं तर परीक्षा असते, पाहुणे असतात, ऑफिसचं काम असतं. आमच्या टेबलावर हे लागोपाठ तीन मोहिमांत झालं आणि तिन्ही वेळा क्लेरिक खेळणारा माणूस वेगळा होता. एकच माणूस असता तर स्वभाव म्हणून सोडून दिलं असतं. तीन जण एकाच जागी अडखळतात तेव्हा दोष त्या जागेत असतो, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४ च्या नियमांनी, दर रविवारी दुपारी, बेळगावच्या टिळकवाडीतल्या माडीवरच्या खोलीत. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि शत्रू हलवणारा. फायटर (लढवय्या) खेळतात ते अण्णा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत. क्लेरिक अक्काकडे, ती बँकेत आहे. विझार्ड (जादूगार) खेळणारा मुलगा खानापूरहून येतो (पहिल्या मोहिमेत क्लेरिक तोच होता), रोग (इंग्रजीतला rogue, लपतछपत जाणारा चोरटा) शहापूरचा, वॉरलॉक (कोणा शक्तीशी करार करून जादू मिळवलेला) वडगावचा. मोहिमेचा नकाशा मी आपल्याच भागावर बेतलाय. जांबोटीकडून कणकुंबीच्या बाजूला गेलं की जंगल, पाऊस, मलप्रभेचा उगम, भीमगडाच्या आसपासच्या गुहा. वेगळं काही शोधायला जावं लागत नाही.

आधी जे केलं आणि ज्याने काही झालं नाही

पहिल्यांदा वाटलं, क्लेरिकला काही चांगलं मिळत नाही म्हणून तो नाराज आहे. म्हणून त्याला जादूची गदा दिली. दोन बैठका बरं चाललं. पण गदा असली तरी ती चालवायला पाळी उरत नव्हती, आणि वर रोगला वाटायला लागलं की डीएम एकाचेच लाड करतो.

दुसऱ्या मोहिमेत पार्टीबरोबर एक वैद्यबाबा दिला, माझ्या हातातलं पात्र. हा उपाय सगळ्यात वाईट. ज्या माणसाला आपण फक्त औषधपाण्यासाठी आहोत असं वाटत होतं, त्याचं तेवढं कामही काढून घेतलं. तो तिथेच सुटला, नंतर आलाच नाही.

तिसरा प्रकार म्हणजे भाषण. "सगळ्यांचं काम सारखंच महत्त्वाचं आहे" हे मी दोनदा बोललोय. सगळे माना हलवतात. पुढच्या लढाईत दुसऱ्याच पाळीला कोणीतरी ओरडतं, "अक्का, मला बघ की!"

मग वही घेऊन बसलो

तिसऱ्या मोहिमेत अक्का गप्प व्हायला लागली तेव्हा मी दोन बैठका वेगळी वही ठेवली. प्रत्येक लढाईत तिने काय केलं हे एका रकान्यात, आणि ते करायचं कोणी ठरवलं हे दुसऱ्या रकान्यात. पहिला रकाना भरताना विशेष काही वाटलं नाही. दुसरा बघून मात्र मला वाईट वाटलं. तिच्या बहुतेक पाळ्या तिने ठरवलेल्याच नव्हत्या. तिची पाळी यायच्या आधीच टेबलावर कोणीतरी जाहीर करून टाकत होतं की ती कोणाजवळ जाणार. इतरांना मी विचारतो, "तू काय करतोस?" तिला मीसुद्धा विचारत होतो, "कोणाला बरं करतेस?"

पंगतीत वाढपी असतो ना, तसं. भात आला का, आमटी आली का, इकडे मीठ आण. वाढप्याला कोणी "जेवलास का" विचारत नाही, कारण तो वाढायला आहे हे सगळ्यांनी धरलेलं असतं. आणि हे सांगितलंच पाहिजे: अक्का घरीही वाढतेच. आठवडाभर बँकेत लोकांची कामं, संध्याकाळी घरच्यांची, आणि रविवारी चार तास स्वतःचे म्हणून काढले तर तिथे चार पुरुषांची उठाठेव. टेबलावर बाई असली की क्लेरिक तिच्याकडेच जातो हे तुमच्याकडे होत असेल, तर बाकी काही वाचायच्या आधी तिला एकटीला विचारा, हे पात्र तू निवडलंस की उरलं म्हणून घेतलंस. अक्काचं उत्तर होतं, "सगळे आपापलं घेऊन बसले होते, मी शेवटी आलो." (आमच्याकडे बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात, बाहेरच्यांनी चमकू नये.)

नियमांतला भाग

नुसत्या वागण्याचा दोष असता तर बोलून सुटला असता. यात आकड्यांचाही भाग आहे, आणि तो टेबलावर सगळ्यांना उघड दाखवला तर निम्मा ताण तिथेच उतरतो.

तिसऱ्या पातळीचा क्लेरिक घ्या, विस्डम (शहाणपण) या गुणाचे अधिक ३. 'क्युअर वून्ड्स' हा जखम भरायचा मंत्र पहिल्या पातळीच्या स्लॉटने (स्लॉट म्हणजे मंत्र टाकायचा मोजका वाटा) टाकला तर आठ बाजूंचा एक फासा अधिक ३, म्हणजे सरासरी साडेसात हिट पॉइंट (जिवाचा आकडा, शून्यावर गेला की माणूस पडतो). समोर ओगर (धिप्पाड राक्षस) असेल तर त्याच्या सोट्याचा एक फटका सरासरी १३ चा. म्हणजे अण्णांना अर्ध्यावर आणलं की क्लेरिकने आपली पूर्ण पाळी आणि एक स्लॉट घालवून साडेसात भरायचे, आणि पुढच्या फटक्यात तेरा जायचे. गळक्या घागरीत पाणी ओतण्यातला प्रकार आहे हा. तिसऱ्या पातळीला तिच्याकडे दिवसाचे स्लॉट किती? पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्याचे २. असे चार सोटे पूर्ण भरून काढायचे म्हटलं की पेटी रिकामी.

त्याच स्लॉटमध्ये 'ब्लेस' टाकला तर तीन जणांच्या प्रत्येक हल्ल्याला आणि सेव्हला (धोक्यातून वाचायच्या फाशाला) चार बाजूंचा फासा वाढून मिळतो, लक्ष तुटलं नाही तर मिनिटभर. ओगरचे ५९ हिट पॉइंट त्यामुळे लवकर संपतात, आणि मेलेला ओगर सोटा मारत नाही. पाचव्या पातळीला 'स्पिरिट गार्डियन्स' हाती येतं, तेव्हा तर क्लेरिक रणात मध्यभागी उभा राहून चारी बाजूंच्या शत्रूंना भाजून काढू शकतो. हे अक्काने पुस्तकात वाचलं होतं. करून बघायला तिला कोणी पाळी मोकळी सोडली नव्हती.

जो शून्यावर जाऊन पडलाय त्याची गोष्ट वेगळी. पडलेल्याला एक पॉइंट मिळाला तरी तो शुद्धीवर येतो. त्यासाठी 'हीलिंग वर्ड' पुरतो: साठ फुटांवरून टाकता येतो, बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या छोट्या जादा कृतीत) होतो, आणि मुख्य ॲक्शन शिल्लक राहते. त्या पाळीत दुसरा स्लॉटवाला मंत्र चालत नाही, पण गदा चालते, कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा साधा मंत्र) चालते. म्हणून आमच्या टेबलावर आता सरळ बोली आहे: जखमी आहेस म्हणून हाक मारायची नाही, पडलास तर बघू. पडल्या पडल्या माणूस सहसा मरतही नाही. दर पाळीला वीस बाजूंचा फासा, दहा किंवा जास्त आले की एक यश, तीन यशं आली की तो स्थिर होतो, तीन अपयशं आली की गेला. एक आला तर दोन अपयशं धरतात, वीस आले तर एक पॉइंट घेऊन उठतो. शत्रू पडलेल्यावर वार करत नसेल तर एखादी पाळी थांबता येतं.

२०२४ च्या सुधारित पुस्तकात क्युअर वून्ड्स आणि हीलिंग वर्ड हे दोन्ही मंत्र दुप्पट फाशांचे केलेत, आणि औषधाची बाटली स्वतः प्यायला किंवा दुसऱ्याला पाजायला आता बोनस ॲक्शन पुरते. नवे नियम घेतलेत तर आकड्यांचा ताण कमी होईल. हाका मारायची सवय मात्र पुस्तकाने जात नाही.

थोडा इतिहास इथे उपयोगी पडतो. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा मूळ खेळ आला तेव्हा वर्ग तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. चोर १९७५ च्या पुरवणीत आला. त्या पहिल्या क्लेरिकला पहिल्या पातळीला एकही मंत्र नव्हता! चिलखत घालून गदा चालवणारा माणूस होता तो. "क्लेरिक म्हणजे दवाखाना" ही समजूत मागाहून चढलेली आहे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने पार्टीतल्या भूमिकांना उघड नावं दिली, आणि तिथे मला फार आवडलेली एक गोष्ट आहे. क्लेरिकने हीलिंग वर्ड म्हटलं की खर्च व्हायचा तो बरं होणाऱ्याचा स्वतःचा राखीव साठा, 'हीलिंग सर्ज'. औषध दुसऱ्याने दिलं तरी किंमत ज्याला लागलंय त्याच्याच खिशातून. पुढचा उपाय मला तिथूनच सुचला.

वीणेचा पहारा

खानापूर तालुक्यातल्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह होतो, तुम्ही बघितला असेल. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. मग एकच माणूस सात दिवस उभा राहतो का? नाही. पहारे लावतात. ज्याचा पहारा असेल त्याने वीणा गळ्यात घ्यायची, आणि पुढचा माणूस येऊन हातात घेईपर्यंत सोडायची नाही. गावातला प्रत्येक जण कधी ना कधी उभा राहिलेला असतो, म्हणून रात्री तीनच्या पहाऱ्याला उभं राहणं काय असतं ते सगळ्यांना माहीत असतं.

आम्ही तेच लावलं. घरात पितळेचा एक सुटा टाळ पडून होता, तो टेबलावर आणला. खेळातल्या एका दिवसाचा, म्हणजे एका लाँग रेस्टपासून (आठ तासांच्या विश्रांतीपासून) दुसऱ्यापर्यंतचा पहारा एकाचा. टाळ त्याच्यासमोर. त्या दिवशी कोणी पडलं तर त्याच्याजवळ धावायची जबाबदारी टाळवाल्याची, मग तो फायटर असो नाहीतर विझार्ड. मंत्र नसला तरी चालतं. हीलर्स किट (मलमपट्टीची पेटी) ५ सोन्याच्या नाण्यांना मिळतो, दहा वेळा वापरता येतो, आणि कसलाही फासा न टाकता पडलेल्याला स्थिर करतो. शुद्धीवर आणायचं असेल तर औषधाची बाटली, ५० नाण्यांची, सरासरी ७ पॉइंटांची. हा खर्च कोणा एकाने करायचा नाही. खजिना सापडला की वाटणीच्या आधी औषधाची वर्गणी बाजूला काढायची, जशी मंडळाची आधी काढतात. वाटणी झाल्यावर वर्गणी मागायला गेलात तर काय होतं ते सांगायला नको.

आणि एक नियम, यात ढिलाई नाही: टाळ ज्याच्यासमोर नाही त्याच्याकडे कोणीही औषध मागायचं नाही. अक्काचा पहारा नसताना तिला वाटलं तर ती कोणालाही उठवेल. मागायचं मात्र नाही. मीसुद्धा "कोणाला बरं करतेस" विचारणं बंद केलं.

पहिल्या दिवशी टाळ अण्णांकडे गेला. विझार्ड पडला तेव्हा अण्णांना ओगर सोडून मागे यावं लागलं, आणि येताना ओगरने पाठीत एक सोटा घातला, कारण जवळच्या शत्रूपासून सरळ निघालं की त्याला फुकटचा वार मिळतो. एवढं सोसून बाटली पाजली, आपली पाळी गेली, आणि तोवर रोगने ओगर मारला. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अक्काकडे बघून म्हणाले, "दर वेळी असंच व्हायचं काय तुला?" मी दोन भाषणांत जे करू शकलो नव्हतो ते तिथे झालं.

अण्णांचीही एक बाजू

रुसवा फक्त क्लेरिकचा असतो असं धरून चालू नका. वही ठेवली तेव्हा मला अण्णांचंही दिसलं. लढाई संपली, बोलणी सुरू झाली, की ते खुर्चीत मागे रेलून बसायचे. पात्राचा करिश्मा (बोलून छाप पाडायचा गुण) ८, म्हणजे कमीच. एकदा बोलायला गेले, फासा पडला, सगळे हसले, पुढे त्यांनी बोलणं सोडलं. वर त्यांचं म्हणणं असं की मार मी खातो म्हणून तुम्ही मागे सुखरूप, आणि मी औषध मागितलं तर मीच वाईट. यात खोटं काय आहे? पुढे उभं राहणाऱ्याचे आभार कोणी मानत नाही, तो पडला की मात्र सगळे चिडतात.

यावर उपाय डीएमच्या हातात आहे. दर बैठकीत प्रत्येक पात्रासाठी लढाईबाहेरचं एक तरी काम असं ठेवा की ते त्याच माणसाला जमेल. मी लोहारांची एक वस्ती घातली. ओतकाम फसतंय, तलवारी तडकतायत, शाप आहे म्हणून लोक घाबरलेत. अण्णा पुढे झुकले. साच्याची वाळू ओली आहे का विचारलं, धातू किती तापवता, ओतताना थांबता का, गार कसा करता विचारलं. वीस मिनिटं टेबलावर तेच बोलत होते आणि विझार्ड वहीत उतरवून घेत होता. मी एकही फासा मागितला नाही. वाळूत ओल होती हे त्यांनी शोधलं, तेच उत्तर धरलं.

विश्रांतीवरून भांडण

हे थोडक्यात, कारण भांडणाचं मूळ एकच आहे. फायटरच्या 'सेकंड विंड' आणि 'ॲक्शन सर्ज' या खास ताकदी, वॉरलॉकचे स्लॉट, हे तासाभराच्या शॉर्ट रेस्टवर परत येतात. क्लेरिकचे स्लॉट आठ तासांच्या लाँग रेस्टशिवाय येत नाहीत, विझार्डलाही शॉर्ट रेस्टवर दिवसातून एकदाच थोडे परत मिळतात. म्हणून एक म्हणतो तासभर बसू, दुसरा म्हणतो झोपूच, आणि दोघांना वाटतं समोरचा आपमतलबी आहे. २०१४ चं डीएमचं पुस्तक दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण सामने आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट धरतं. तुम्ही दिवसाला एकच मोठी लढाई देत असाल तर वॉरलॉक आणि फायटर कायम उपाशी राहणार. दोन शॉर्ट रेस्ट आधीच कबूल करून टाका आणि त्या कुठे घ्यायच्या ते पार्टीला ठरवू द्या. आमच्याकडे वाद तिथेच थांबला. शॉर्ट रेस्टमध्ये प्रत्येक जण स्वतःचे हिट डाइस (बरं व्हायचे राखीव फासे) खर्चून बरा होतो, तेवढंच क्लेरिकवरचं ओझंही कमी.

रोग एकटाच पुढे जातो

खानापूरच्या जंगलातल्या बारापेडे गुहांत रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी जात. त्यावरून मी एक गुहा बेतली होती. रोग टेहळणीला एकटा आत गेला आणि अर्धा तास तो आणि मी दोघंच खेळलो. बाकीचे चहा प्यायला खाली गेले. मला ती गुहा फार प्रिय होती, आणि ती पाचांपैकी चौघांनी बघितलीच नाही.

आता टेहळणीला दोघं जातात, आणि मागे राहिलेल्यांकडे मी दर पाच मिनिटांनी येतो: तुम्ही बाहेर काय करताय, काय ऐकू येतंय? दुसरा माणूस आवाज करतो म्हणून रोगची तक्रार होती. त्यासाठी मदतीचा नियम आहे. शेजारी कोणी खरोखर मदत करत असेल तर दोन फासे टाकून मोठा धरता येतो. तक्रार मिटली. आणि आत सापडलेलं सोनं वाटणीआधी खिशात घालण्याची सवय असेल, तर ते खेळातलं भांडण म्हणून चालू ठेवू नका. खेळ थांबवून माणसाला माणूस म्हणून विचारा.

जिथे हा उपाय लावू नये

निपाणीचा एक मुलगा मधे महिनाभर आमच्याकडे पाहुणा म्हणून खेळला, लाइफ डोमेनचा, म्हणजे बरं करण्यातच तरबेज असलेला, क्लेरिक घेऊन. टाळ फिरायला लागला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. नंतर जिन्यात म्हणाला, "मला लोकांना उठवायलाच आवडतं. तेच काढून घेतलंत." मी न विचारताच लावलं होतं, चूक माझी. दिंडीत वीणेकरी एकच असतो आणि लोक त्याच्या पाया पडतात, हेही खरंच आहे. टाळ त्याच्याकडे कायमचा दिला. मागायचं नाही हा नियम मात्र तसाच ठेवला, कारण आवडीने वाढणाऱ्यालाही पंगतीने ओरडून बोलावू नये.

दोन माणसांचं बाहेरचं काही असेल, उसने पैसे, जुनं भांडण, तर टाळ, वर्गणी, आकडे, कशानेच काही होणार नाही. त्यांना वेगवेगळं भेटा, आणि जमत नसेल तर एकाला दुसरं टेबल शोधून द्या.

नवी मोहीम सुरू करत असाल तर पहिल्या बैठकीला "क्लेरिक कोण होणार?" हा प्रश्नच विचारू नका. "जखमांचं काय करायचं?" असं विचारा, आणि पाचही जणांचं उत्तर आल्याशिवाय कोणाचंही पात्र लिहायला घेऊ नका. आमच्या चौथ्या मोहिमेत उत्तरं अशी आली: अण्णा किट बाळगणार, वॉरलॉक बाटल्या सांभाळणार, खानापूरचा मुलगा म्हणाला मी बार्ड (मंत्र येणारा गवई) घेतो, म्हणजे हीलिंग वर्ड माझ्याकडेही राहील. रोगने वर्गणीचा हिशेब घेतला. अक्का शेवटी बोलली. ती बार्बेरियन (चवताळून लढणारा रानटी योद्धा) घेणार आहे, मोठी कुऱ्हाड घेऊन, आणि पहिला पहारा मला द्या म्हणाली.